पाचटावरचा बर्फ : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी, गुरुवार

पुढचा शनिवार-रविवार, म्हणजे १७ आणि १८ तारीख, हिमालयात बर्फाची दिसतेय. अमेरिकन जीएफएस आणि युरोपियन, हवामानाची दोन्ही मॉडेल एक तगडा पश्चिमी झंझावात (हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन पहाडांत बर्फ पाडणारी वादळी प्रणाली) दाखवतायत. इतक्या आधी दोघांचं एकमत व्हावं हे शुभ की अशुभ, यावर आमच्या हवामानवेड्या हौशांच्या ग्रुपमध्ये आत्ताच जुंपली आहे.

दरवर्षी अशा वेळी आम्ही पुण्यात बसून काय करतो? इन्सॅट उपग्रहाच्या चित्रांत काश्मीरवर चढणारा पांढरा पट्टा बघतो, गुलमर्गच्या वेबकॅमला डोळे लावतो आणि शिवाजीनगरचा पारा किती उतरणार यावर चहाच्या पैजा लावतो. यंदा हातानं काहीतरी करायचं ठरलं. काम असं: पुणे जिल्ह्यात, वीज न वापरता, उघड्या आभाळाखाली पाण्याचा बर्फ करायचा.

कल्पना आमची नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या रॉबर्ट बार्करनं १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला हे सगळं कळवलं होतं. अलाहाबाद आणि कलकत्त्याकडे डबक्या-टाक्यांतलं पाणी आपणहून गोठलेलं त्याला कधी दिसलं नाही, पण तिथले लोक थंडीत बर्फ काढायचे. तीस फूट चौरस, दोन फूट खोल खड्डे. तळाला उसाचं किंवा मक्याचं वाळलेलं ताटवन फूटभर जाड. त्यावर मातीचे उथळ, बिनझिलईचे, सव्वा इंच खोल परळ ओळीनं मांडायचे, संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं आणि सूर्योदयाआधी बर्फ गोळा करायचा. पुढे १८३३ मध्ये बोस्टनहून जहाजानं बर्फ कलकत्त्याला उतरला आणि हा धंदा हळूहळू बसला.

अलाहाबादेत जमलं ते इथे का जमू नये? आपण बरेच दक्षिणेला आहोत, हे खरं. पण साडेपाचशे मीटर उंचावरही आहोत, आणि जानेवारीतली इथली हवा गंगेकाठापेक्षा कोरडी.

९ जानेवारी, शुक्रवार

माणसं: हडपसरवाले काका (कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होते, आता निवृत्त), लोहगावच्या ताई (अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतात), कॉलेजातला धाकटा, आणि नोंदी ठेवायला मी.

पहिलाच प्रश्न जागेचा. धाकट्याचं म्हणणं, सरळ महाबळेश्वरला वेण्णा लेकला जाऊ, तिथे दरवर्षी दव गोठतंच. गोठतं ना! म्हणूनच तिथे करण्यात गंमत नाही. पण वेण्णा लेकचं एक ध्यानात ठेवण्यासारखं आहे. गाड्यांच्या टपांवर, जेटीच्या फळ्यांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर तिथे हिमकण जमतात, त्या पहाटे वरच्या पठारावरच्या हवामान केंद्रात पारा बऱ्याचदा शून्याच्या कितीतरी वर असतो. वारं पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून निघते आणि खोलगट भागात ताकाच्या निवळीखालच्या साक्यासारखी तळाशी बसते. उंच जागा थंड हे दिवसाचं शहाणपण. अशा रात्री खळगा जिंकतो. पुण्यातही नदीच्या खोऱ्यातलं शिवाजीनगर गारठलेलं असतं तेव्हा माळावरचं लोहगाव दोन-तीन अंशांनी उबदार असतं. ताईंना हे दरवर्षी ऐकून घ्यावं लागतं.

तेव्हा हवा एक खळगा: कोरडा, शहराच्या उजेड-सिमेंटापासून लांब, आणि आसपास ऊस, म्हणजे पाचट फुकट.

११ जानेवारी, रविवार

जागा मिळाली. काकांच्या साडूंचं शेत शिरूर तालुक्यात भीमेच्या पलीकडे आहे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. शेताच्या खालच्या अंगाला ओढ्यालगत एक पड तुकडा आहे, पहाटे तिथे उभं राहवत नाही असं अण्णा फोनवर म्हणाले. शेजारच्या उसाची तोड नुकतीच झालीय, पाचट पडून आहे. टोळीनं आणि गुराख्यांनी हिरवं वाढं नेलं, पाचट कुणालाच नको होतं.

दुपारी कसब्यात कुंभारवाड्यात. संक्रांत तोंडावर, त्यामुळे सगळीकडे सुगडांचे ढीग, आणि आम्ही विचारतोय बिनरंगी परळ. मावशींनी विचारलं, ‘कशाला एवढे?’ काका म्हणाले, ‘बर्फ करायचाय.’ मावशींनी आमच्याकडे एकदा नीट बघितलं. ‘फ्रीज बिघडला का हो?’ मग आतून परळ काढून दिले, वर एक सुगड तसंच हातावर ठेवलं. परळ पाणी झिरपणारे आहेत, बोट लावलं की ओल जाणवते. बार्करला हेच महत्त्वाचं वाटलं होतं: पाणी झिरपून वाळतं, त्यानं गारवा येतो. पण १८१४ मध्ये विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरानं दवावर जे काम छापलं, त्यात त्यानं दाखवलं की खरी करामत आभाळाकडे निघून जाणाऱ्या उष्णतेची आहे. कोण बरोबर, हे आम्हालाही बघता येईल. काही परळांना बाहेरून मेण लावायचं, म्हणजे झिरपणं बंद. दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवायचे.

तापमानाचे सेन्सर बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाजवळच्या नेहमीच्या दुकानातून. डीएस१८बी२०, वायरसकट बंद टोपीतले. कंपनीचा शब्द अर्ध्या अंशापर्यंतचा असतो आणि आमचं सगळं काम शून्याच्या अलीकडे-पलीकडे, तेव्हा अर्धा अंश परवडत नाही. रसवंतीवाल्याकडून चुरलेला बर्फ आणला, थर्मासमध्ये पाण्यात कालवला आणि सगळ्या टोप्या त्यात बुडवल्या. बर्फ-पाण्याचं मिश्रण शून्यावरच राहतं, याहून स्वस्त आणि खरं प्रमाण दुसरं नाही. बहुतेक सेन्सर ०.१ ते ०.३ च्या आत. एक ०.६ दाखवत राहिला, तो बाद. बाकीच्यांचा फरक वहीत लिहिला, नंतर वजा करायचा.

बर्फ करायच्या प्रकल्पाची सुरुवात विकतच्या बर्फानं झाली, यावर धाकट्यानं जितके विनोद करायचे तितके केले.

१२ जानेवारी, सोमवार

ताईंनी रात्री गणित पाठवलं. इथे उतरवून ठेवतो, कारण सगळा डाव त्यावर आहे.

परळात ५ मिलिमीटर पाणी धरलं तर चौरस मीटरला ५ किलो. ते १८ अंशांवरून शून्यावर आणायला साधारण ३७७ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. शून्यावर आलेलं पाणी गोठवायला किलोला ३३४, म्हणजे आणखी १६७०. निरभ्र, कोरड्या रात्री उघडा पृष्ठभाग आभाळाकडे चौरस मीटरला ७० वॅटच्या आसपास गमावतो. या हिशेबानं गार व्हायला दीड तास आणि पूर्ण गोठायला साडेसहा तास. जानेवारीत आपल्याकडे सूर्यास्त ते सूर्योदय बारा तासांहून जास्त, म्हणजे वेळ भरपूर.

पण हे झालं कागदावर. परळ भोवतालच्या हवेहून गार झाला की हवाच त्याला ऊब परत देऊ लागते. तीन अंशांचा फरक आणि जराशी झुळूक असली तरी पंधरा-वीस वॅट परत. खालून जमीन देते ती वेगळी. म्हणून पाचट कोरडं हवं, ओलं झालं की ते ऊब वर चढू देतं. हे वेल्सनंही नोंदवलं होतं आणि झिरपण्याच्या कल्पनेला त्यातूनच तडा गेला. म्हणूनच खड्डा: वारं वरून जातं. आणि आभाळात पातळ उंच ढगांची जाळी असली तरी ७० चे ५० होतात. खालचे जाड ढग आले तर घरी जाऊन झोपावं.

म्हणजे ज्या ढगांनी हिमालयात बर्फ पडतो, तेच इथे आमचा बर्फ होऊ देणार नाहीत. ताईंनी खाली लाल शाईत लिहिलंय: ‘शनिवार-रविवारच्या मागे लागू नका. झंझावात पुढे सरकल्यावर बघा.’ काका आणि धाकटा, दोघांनी दुर्लक्ष केलं. सुट्टी शनिवार-रविवारीच असते.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सकाळच्या जीएफएस रनमध्ये, म्हणजे मॉडेलच्या नव्या अंदाजात, झंझावात उत्तरेला सरकला, पहाडांवर बर्फ निम्म्यावर. ग्रुपवर सुतक. संध्याकाळच्या रनमध्ये परत जागेवर. असल्या झोक्यांना आता मी भाव देत नाही.

धाकटा मात्र थांबला नाही. तत्काळमध्ये तिकीट काढून संध्याकाळच्या झेलमनं जम्मूला निघाला. ‘चिल्लई कलान चालू आहे आणि मी पाचट पसरत बसू?’ काश्मीरच्या कडक थंडीचे ते चाळीस दिवस २१ डिसेंबरला सुरू होतात आणि जानेवारीअखेर संपतात, त्यामुळे त्याचा मुद्दा बिनतोड होता. ताईंनी तिळगुळाचा डबा आणि एक सेन्सर दिला. ‘फोटो नकोत. आकडे पाठव.’

१५ जानेवारी, गुरुवार

शिमला ऑफिसपाशी सिग्नलला अडकलो होतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आलं, पुढे १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, पण चौकानं नाव सोडलं नाही. पुणेकर रोज ‘शिमला, शिमला’ करत पीएमटी पकडतात आणि बर्फाचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुपारच्या बुलेटिनमध्ये झंझावाताची द्रोणीय स्थिती (कमी दाबाचा लांबट पट्टा) ५.८ किलोमीटर उंचीवर, रेखांश ६२ पूर्वच्या आसपास, आणि राजस्थानवर खालच्या थरात चक्राकार वारे. म्हणजे पाहुणा इराण-अफगाणिस्तानच्या बाजूनं निघालाय. भूमध्य समुद्रापासून कॅस्पियनपर्यंतच्या पट्ट्यातून हे येतात, वरच्या थरातल्या पश्चिमी जेट वाऱ्यांवर बसून. हिवाळ्यात महिन्याला चार-सहा येतात, त्यांतले सगळे काही दमदार नसतात.

पुण्यासाठी सगळी मॉडेल म्हणतात: शनिवारी किमान वाढणार, मंगळवारी घसरणार. काकांनी विचारलं, त्यातल्या त्यात बारीक मॉडेल कुठलं? पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेत घडलेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ पासून चालू आहे, तिची चौकट ६ किलोमीटरची. जागतिक मॉडेलांत हे फारच बारीक. पण अण्णांचा खळगा दीडशे पावलांचा. त्याला कुठलंच मॉडेल बघत नाही, तिथे आपणच बघायचं.

१६ जानेवारी, शुक्रवार

अर्धी रजा टाकून खड्डा. दहा फूट बाय सहा, दोन फूट खोल. वरची माती मऊ होती, खाली मुरूम लागला, तिथे काकांनी पहार माझ्या हातात दिली आणि स्वतः ‘मोजमाप’ बघायला लागले. पाचट फूटभर अंथरलं. पायानं दाबायचं नाही, मधली हवा हीच गादी.

खड्ड्याच्या कडेला खांब, त्यावर सव्वा मीटरवर पांढऱ्या प्लास्टिक ताटल्यांच्या झडपांत एक सेन्सर. वेधशाळेच्या स्टीव्हन्सन स्क्रीनची, म्हणजे तापमापक ठेवायच्या झडपांच्या पांढऱ्या पेटीची, उंची तीच असते, म्हणजे पेपरात येणाऱ्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघता येईल. दुसरा सेन्सर पाचटाच्या वरच्या थरात, बाकीचे परळांत.

संध्याकाळी अण्णांनी स्पष्ट सांगितलं, ‘रातीला खड्ड्यापाशी बसायचं नाय. मागच्या आठवड्यात वरच्या वस्तीवर कुत्रं उचललंय.’ बिबट्याचा विषय या पट्ट्यात कुणी गमतीनं काढत नाही. ऊस तुटला की तो उघड्यावर येतो, हिंडत राहतो. तेव्हा रात्रीचं निरीक्षण टेम्पोच्या केबिनमधून. आकडे आपोआप नोंदवणारे लॉगर आहेत म्हणून जमतं, नाहीतर दर तासाला वाचन घ्यायला कोण जाणार होतं?

धाकटा पत्नीटॉपला पोचला. दोन हजार मीटरवर आहे, म्हणजे पाऊस आणि बर्फाच्या नेमका काठावर. संदेश: ‘पाऊस. बर्फ नाही. पाऊस!!’ ताईंनी विचारलं, ओल्या आणि सुक्या सेन्सरच्या तापमानात फरक किती? त्यानं सेन्सरच्या टोपीला ओलं फडकं गुंडाळून पाठवलं: सुका ३.४, ओला ०.५. ताईंचं उत्तर: ‘थांब. सरी वाढल्या की बर्फ होईल.’ पडता पडता थेंब वाळतात, हिमकण वितळतात, दोन्ही हवेकडून उष्णता घेतात आणि हवा ओल्या तापमानाकडे उतरत जाते. रात्री अकराला त्याचा व्हिडिओ आला. आवाजावरून काही समजत नव्हतं, नुसता आरडाओरडा. पण दिव्याखाली कण तिरके पडत होते, थेंबांसारखे सरळ नाही.

१७ जानेवारी, शनिवार

पुण्याचा आजवरचा नीचांक याच तारखेचा: १७ जानेवारी १९३५, १.७ अंश. काकांनी ही तारीख शुभ मानली होती.

प्रत्यक्षात सकाळी उठलो तो उकडतंय. झंझावाताची शेपटी, अरबी समुद्रावरून मध्य भारताकडे जाणारे उंच ढग, बरोबर आमच्या डोक्यावर. वारंही फिरलं, दक्षिण-आग्नेयेकडून दमट. अण्णांच्या ओट्यावर स्वेटर काढून बसलो.

तरी रात्री मांडणी केली, सरावाला. काकांकडे इन्फ्रारेड गन आहे, कपाळाला लावतात तसली नाही, कारखान्यातली, शून्याच्या बरीच खाली वाचणारी. ती सरळ आभाळाकडे रोखायची. कोरड्या निरभ्र रात्री वजा पंचवीसच्या खाली जाते, आज वजा ८ वर अडकली. चांदण्या दिसत होत्या, अगदी छान दिसत होत्या, तरी वजा ८. डोळ्यांना जे आभाळ मोकळं वाटतं ते तसं असेलच असं नाही, हे गनमुळे पटतं. प्रत्येक हौशी माणसाकडे ती असावी असं माझं मत झालंय. चारशे रुपयांच्या दवबिंदू-मापकापेक्षा खूप कामाची.

परळांतलं पाणी पहाटे ११.२. पुढे काही लिहिण्यासारखं नाही.

तिकडे पत्नीटॉपला घोट्यापर्यंत बर्फ, रस्ता बंद, धाकटा हॉटेलात अडकलेला आणि खूश. ग्रुपवर शिमला, मनाली, औलीचे फोटो धो धो. सगळे लिहितायत ‘काय नशीब!’ आणि आम्ही पाचटाकडे बघतोय.

१८ जानेवारी, रविवार

दुपारी तीननंतर वारं वायव्येकडून सुटलं. त्वचेला लगेच कळलं, ओठ ओढल्यासारखे झाले. सूर्यास्ताला आभाळ धुतल्यासारखं. गन वजा २४. ताईही आल्या, लोहगावहून थेट. पाणी सातला ओतलं.

साडेदहापर्यंत आलेख सुरेख उतरत होता: परळ ६.१, खांबावर १०.४. आणि मग शेजारच्या गव्हात मोटार सुरू झाली. शेतीची थ्री-फेज लाईट या आठवड्यात रात्रपाळीची आहे, त्यामुळे पाणी रात्रीच द्यावं लागतं. त्यांना काय बोलणार? ओल्या जमिनीवरून दमट हवा उतारानं आमच्या खळग्यात आली. बारापर्यंत पाचटावर दव, मग कमरेइतकं धुकं. दव धरताना उष्णता सुटते, धुकं स्वतः ढगाचं काम करतं, पाचट भिजतं. एकाच गोष्टीनं तिन्ही बाजूंनी मारलं. परळ पहाटे ३.३ वर थांबले.

ताई मात्र आनंदात. धुकं आलं त्या क्षणी आलेखाला पडलेला कोपरा त्यांना बारावीच्या वर्गात दाखवायचाय. सोमवारी शाळा, म्हणून सकाळी सातलाच निघाल्या.

१९ जानेवारी, सोमवार

ऑफिसला ‘घरून काम’ कळवलं. घर कुणाचं ते सांगितलं नाही.

सकाळभर भिजलेलं पाचट उलटून उन्हात टाकलं, दुपारी चारला परत अंथरलं. हातात चुरलं की कुरकुर वाजलं पाहिजे, ही अण्णांची कसोटी. शेजाऱ्यांचं गव्हाचं पाणी आटोपलंय. हवा चांगलीच कोरडी झालीय, दवबिंदू (दव धरू लागतं ते तापमान) २ अंशांच्या खाली. उत्तर महाराष्ट्रात पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्यात. निफाडकडच्या द्राक्षवाल्यांना ही रात्र नको असते, ते पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवून धूर करतील आणि पाणी सोडतील. आम्ही इथे तीच रात्र मागून घेतोय. जरा ओशाळल्यासारखं होतं.

आजची मांडणी काळजीपूर्वक. साधे परळ, मेणाचे परळ, एक स्टीलची ताटली, सगळ्यांत ५ मिलिमीटर उकळलेलं पाणी. एका परळात मुद्दाम पाचटाचा तुकडा टाकला. आणि खड्ड्याच्या एका कोपऱ्यावर अण्णांची बाज आडवी ठेवून त्यावर गोधडी टाकली, तिच्याखाली दोन परळ. तिथली हवा तीच, पाचट तेच, फक्त आभाळ दिसत नाही.

सव्वासहाला पाणी ओतलं. गन वजा २९. पानही हलत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

पहाटे साडेपाचला अण्णा, काका आणि मी, तिघं एकदम बॅटऱ्या आणि काठी घेऊन खाली गेलो. मधल्या ओळीतले परळ गोठले होते.

जाडी जेमतेम मिलिमीटरभर, कडेला जास्त, मध्ये कमी. बोटानं दाबलं की करकर करून तुटतो, खाली पाणी. पण बर्फ. अण्णांनी एक कपची उचलून तोंडात टाकली आणि म्हणाले, ‘मातीचा वास येतोय. चांगलाय.’ काकांनी काही न बोलता गन माझ्या हातात दिली आणि फोटो काढायला लागले, तेही सगळे हललेले.

आता आकडे, सेन्सरांचा फरक वजा करून. खांबावर, सव्वा मीटरवर, रात्रीचं किमान ५.१. पाचटाच्या वरच्या थरात वजा १.६. मधल्या परळांत पाणी शून्याच्या खाली उतरत वजा १.४ पर्यंत गेलं आणि पाणीच राहिलं. मग ३ वाजून ४० मिनिटांनी एका झटक्यात शून्यावर आलं आणि तिथेच आडवी रेघ. अतिशीत पाणी गोठू लागलं की उष्णता सुटते, म्हणून गोठताना तापमान चढतं. पुस्तकात वाचलेलं, पण स्वतःच्या आलेखात बघताना मी काकांना हाक मारून उठवलं होतं. पाचटाचा तुकडा घातलेला परळ सगळ्यात आधी गोठला, तीनच्या आत, वजा ०.५ वरूनच. कण धरायला काहीतरी आधार मिळाला.

मेणाचे परळ? तेही गोठले, जवळजवळ त्याच वेळी. स्टीलची ताटलीही. म्हणजे झिरपण्याचं श्रेय फार तर थोडंसं, काम आभाळाचं. बाजेखालचे दोन्ही परळ ३.७ वर, पाणी जसंच्या तसं. हात घातला तर बाहेरच्यापेक्षा कोमट लागलं. या दोन परळांनी जे सांगितलं ते बाकी सगळ्यांनी मिळून सांगितलेल्यापेक्षा जास्त आहे असं मला वाटतं. मधल्या ओळीच्या बाहेरचे, खड्ड्याच्या भिंतीजवळचेही गोठले नाहीत, ०.८ ला अडकले. भिंत त्यांचं निम्मं आभाळ खाते आणि वर स्वतःची ऊब देते. पुढच्या वेळी खड्डा पसरट हवा. बार्करचे खड्डे तीस फुटी का होते ते कळलं.

साडेआठनंतर शिवाजीनगरचा आकडा आला. एक अंकी, पण आमच्या खांबापेक्षा वर. थंडीची लाट म्हणायला किमान १० किंवा कमी असावं लागतं आणि शिवाय सरासरीच्या साडेचार अंश खाली. जानेवारीची आपली सरासरी ११ च्या आसपास धरली तर साडेसहाच्या आत यायला हवं होतं. तितकं उतरलं नाही. त्यामुळे कागदोपत्री आज पुण्यात थंडीची लाट नव्हती, आणि शिरूरच्या एका खड्ड्यात बर्फ होता. दोन्ही खरं आहे.

धाकट्याला फोटो पाठवले. तो अजून पत्नीटॉपलाच, रस्ता संध्याकाळी उघडेल म्हणतात. उत्तर आलं: ‘मिलिमीटर??’ पाठोपाठ दुसरं: ‘मी आलो की परत करायचं. माझ्याशिवाय केलं ते धरत नाही.’

२२ जानेवारी, गुरुवार

आलेख एकत्र करून ताईंना दिले. त्यांना भिंतीजवळच्या परळांचं गणित जुळत नाहीये, आभाळ किती अंशातून दिसतं ते कोनमापकानं मोजून हवंय. अण्णांनी बजावलंय की खड्डा रविवारपर्यंत बुजवा, नाहीतर रात्री एखादी शेळी पडेल. काकांचं म्हणणं, बुजवायच्या आधी पसरट करून आणखी एक रात्र मिळते का बघू. पण मॉडेलांत पुढचा झंझावात सोमवारचा दिसतोय, म्हणजे त्याआधी शनिवारपासूनच आपल्याकडे ढग. त्यामुळे शुक्रवारची रात्र तेवढी मोकळी. परळ धुऊन ठेवलेत, तीन फुटले, कुंभारवाड्यातून आणायला हवेत. पाचट अण्णांच्या गोठ्यात गेलंय, तेही मागून घ्यावं लागेल.